उतरंड आणि डबा: कॉर्डलेस मशीनच्या पेट्या कशा रचाव्यात

काही वर्षांपूर्वी माझ्या टेम्पोत कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, मशीनच्या अकरा पेट्या होत्या. प्रत्येक मशीनबरोबर कंपनीने दिलेली एकेक. एकीचं झाकण फुगीर, दुसरीची मूठ बाहेर आलेली, तिसरी लांबोडकी. एकीवर दुसरी ठेवली की पहिल्याच गतिरोधकाला घसरायची. त्यातून बहुतेक काळ्याच, त्यामुळे उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही.

मी डोंबिवलीत राहतो आणि मॉड्युलर किचन, कपाटं बसवायचं काम करतो. एकदा लिफ्ट न बसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढलो, इम्पॅक्ट ड्रायव्हरची, म्हणजे स्क्रू आवळायच्या मशीनची, पेटी उघडली, तर आत मशीन होतं आणि बॅटरी नव्हती. ती खाली टेम्पोत, ग्राइंडरच्या पेटीत. खाली जाऊन आणली. मग बिट, म्हणजे मशीनच्या तोंडात बसणारं टोक, मिळेना. मग चार्जर. दिवसातला मोठा वेळ जिन्यातच गेला. त्या रात्री मी ठरवलं की एकावर एक बसणाऱ्या पेट्यांचा हा प्रकार नीट समजून घ्यायचा. तेव्हापासून जे शिकलो, ते इथे मांडतो आहे.

माझे बाबा सुतार. त्यांची सागवानी पेटी एकच होती. झाकणाच्या आतल्या बाजूला करवत अडकवलेली, तळाला रंधा आणि वाकस, वरच्या सरकत्या कप्प्यात पटाश्या, कानस, गुण्या, ओळंबा. त्यांचा हात न बघता बरोबर पटाशीवर जायचा. ती पेटी एवढी सुटसुटीत होती, कारण रंध्याला बॅटरी लागत नाही आणि करवतीला चार्जर लागत नाही. कॉर्डलेस मशीन म्हणजे एकटं मशीन कधीच नसतं. त्याच्यामागे बॅटरी, चार्जर, बिट किंवा पातं, पाना, असा सगळा लवाजमा असतो. त्यातलं एक जरी मागे राहिलं तरी बाकीचं सगळं वजन फुकट उचललेलं असतं. पेट्यांची रचना करायची ती यासाठी.

उतरंड आणि डबा यांतला फरक

एकावर एक ठेवण्याच्या दोन पद्धती आपल्या घरात आधीपासून आहेत. एक उतरंड: तळाशी मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. प्रत्येकाचं माप वेगळं, एकमेकांना धरून ठेवणारं काही नाही, आणि जागेवरून हलवायची झाली तर सगळी उतरवावी लागते. दुसरा जेवणाचा डबा: सगळ्या पुडांचा घेर एक, उंची मात्र कमी-जास्त असू शकते, आणि बाजूची कडी लावली की चार पुडं एका मुठीने उचलता येतात.

मशीनबरोबर येणाऱ्या पेट्यांची आपण उतरंड करतो. मापात बसणाऱ्या पेट्या म्हणजे डबा. घेर एक, उंची वेगवेगळी आणि कडी, या तीन गोष्टी असल्या की पेट्या 'सिस्टीम' होतात. यातली घेराची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

जर्मनीतल्या टॅनोस या कंपनीने १९९३ मध्ये 'सिस्टेनर' नावाची पेटी आणली. फेस्टूल ही मशीन बनवणारी कंपनी त्याच उद्योगसमूहातली, त्यामुळे तिची मशीनं या पेट्यांतून विकली जाऊ लागली. पेटीचा घेर, म्हणजे तळाची लांबी-रुंदी, ३९६ बाय २९६ मिलिमीटर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला विचित्र वाटला होता. चार-चार मिलिमीटर मिळवून बघा: ४०० बाय ३००. युरोपात माल ज्या लाकडी पॅलेटवर फिरतो ती १२०० बाय ८०० मिलिमीटरची असते. ८०० मध्ये ४०० दोनदा जातात, १२०० मध्ये ३०० चार वेळा. म्हणजे एका थरात बरोबर आठ पेट्या, वाया जाणारी जागा जवळजवळ शून्य.

उंचीतही असाच हिशेब आहे. जुन्या सिस्टेनरच्या उंच्या होत्या १०५, १५७.५, २१०, ३१५ आणि ४२० मिलिमीटर. १०५ ला एक मात्रा धरा. मग पुढच्या उंच्या दीड, दोन, तीन आणि चार मात्रांच्या. सर्वांत बुटक्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या की २१० च्या पेटीच्या खांद्याला खांदा लागतो. दोन रांगा शेजारी शेजारी रचल्या तर माथा सपाट येतो आणि वर आडवी फळी टाकून कामाचं टेबल करता येतं. तबल्यात मात्रा चुकली की सम चुकते, तसं इथे एका पेटीची उंची हिशेबाबाहेरची निघाली तर अख्खी रांग बिघडते.

मकिताच्या 'मॅकपॅक' पेट्या याच ३९६ बाय २९६ च्या घेरात येतात, त्यामुळे जुन्या सिस्टेनरबरोबर त्यांची जोडी जमते. बॉशच्या 'एल-बॉक्स'चं घराणं वेगळं. ती सोर्टिमो या जर्मन कंपनीच्या पद्धतीची पेटी, घेर ४४२ बाय ३५७. मशीन दोन्हींत चांगलं राहतं, पण या दोन घराण्यांच्या पेट्या एकमेकींत अडकत नाहीत. अमेरिकेकडच्या मिलवॉकीने २०१७ मध्ये 'पॅकआउट' आणलं, डिवॉल्टच्या 'टीस्टॅक' आणि 'टफसिस्टीम' अशा दोन जाती आहेत, आणि त्या प्रत्येकाची बैठक स्वतंत्र आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की एक घराणं निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. सवलतीत मिळाली म्हणून दुसऱ्या घराण्याची एक पेटी आणली की परत उतरंड सुरू होते. मी ही चूक केली आणि ती पेटी आज घरात शिलाईच्या सामानासाठी वापरात आहे.

कडीबद्दल थोडक्यात. जुन्या सिस्टेनरला बाजूंना खटके असायचे, त्यांनीच वरची आणि खालची पेटी जोडली जायची. २०१० मध्ये 'टी-लॉक' आलं. जुन्या कपाटाच्या दाराला लाकडी फिरकी असायची ना, तशी एकच फिरकी पेटीच्या पुढच्या बाजूला. एका बाजूला फिरवली की झाकण बंद, दुसऱ्या स्थितीत वरची पेटी खालचीला जोडलेली. हातात हातमोजे असतानासुद्धा एका बोटाने फिरते. खटक्यांच्या पेट्या वाईट नाहीत, पण त्यांचे खटके सिमेंटच्या धुळीने जड होतात. आठवड्यातून एकदा ब्रशने साफ करावे लागतात, एवढं लक्षात असू द्या.

कुठल्या पेटीत काय

इथे बहुतेक जण चुकतात, आणि मीही बराच काळ चुकत होतो. आपण यंत्रागणिक पेटी करतो: ड्रिलची पेटी, जिगसॉची पेटी, ट्रिमरची पेटी. साइटवर मात्र कोणी 'आता ड्रिल करू या' म्हणून कामाला लागत नाही. तिथे काम असतं 'भिंतीवर कपाट टांगणे' किंवा 'शटरला (कपाटाच्या दाराला) बिजागऱ्या लावणे'. पेटी त्या कामाच्या नावाने हवी.

माझी बिजागरीची पेटी १५७.५ उंचीची आहे. आत इम्पॅक्ट ड्रायव्हर, लहान ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर, कप बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं बिट, पायलट होलची (स्क्रूआधी पाडायच्या भोकाची) बारीक बिटं, चुंबकाचा बिट-होल्डर, टेप, पेन्सिल आणि छोट्या डबीत स्क्रू. कपाट टांगण्याची पेटी वेगळी. तिच्यात काँक्रीटला भोक पाडणारा रोटरी हॅमर, काँक्रीटची बिटं, स्क्रू धरायला भोकात बसणारे रावल प्लग, पाणसळ, भोकातली धूळ उडवायचा फुंकर-पंप. बिटांचा एक जादा संच विकत घ्यावा लागला, टेप तर प्रत्येक पेटीत एक आहे. चार टेप कशाला, असं कोणी म्हणेल. पण चौथ्या मजल्यावर टेप नसेल, तर ती आणायला जाणारा वेळ टेपच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

एकाच मशीनची दोन कामं असतील तर? ड्रिल दोन्हीकडे लागतं. अशा वेळी मशीनला एकच घर द्या, जिथे ते जास्त वेळा लागतं तिथलं. दुसऱ्या पेटीत त्याची फक्त बिटं ठेवा आणि झाकणाच्या आत लिहून ठेवा: 'ड्रिल बिजागरीच्या पेटीत'. एवढ्या एका ओळीने माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोराचे प्रश्न निम्म्याने कमी झाले. पूर्वी दिवसभर चालायचं, "दादा, हे कुठल्या पेटीत ठेवू?"

ग्राइंडरला मात्र मी एकटंच ठेवतो, त्याची चकती, पाना, गॉगल आणि हातमोजे यांच्याबरोबर. त्याचं कारण पुढे बॅटरीच्या भागात येईल.

वजनाचा हिशेब एकदा करून बघा. १८ व्होल्टचं ड्रिल बॅटरीशिवाय साधारण १.३ किलो, इम्पॅक्ट १ किलोच्या आसपास, पाच अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या मिळून सव्वा किलो, चार्जर पाऊण किलो, बिटं-स्क्रू अर्धा किलो, रिकामी पेटी दीड किलो. सगळं मिळून साडेसहा किलोच्या आत. दोन हातांत अशा दोन पेट्या घेऊन माणूस जिना चढू शकतो, लोकलच्या मालडब्यात उभा राहू शकतो. एका पेटीला दहा किलोपेक्षा जास्त वजन होऊ द्यायचं नाही, हा मी स्वतःसाठी घातलेला नियम. चाकांची ट्रॉली मिळते आणि गुळगुळीत फरशीवर ती सुखाची आहे, पण आपल्याकडे रेल्वेचे पूल, अर्धवट जिने आणि रेतीचे ढीग यांतून ट्रॉली ओढण्यापेक्षा उचलणं परवडतं.

आतला फोम

पेटीच्या आत मशीन नुसतं टाकलं तर दोन गोष्टी होतात. प्रवासात ते बिटांवर आपटतं, आणि वस्तू हरवल्याचं कळत नाही. फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कापला की दोन्ही सुटतात. संध्याकाळी झाकण लावण्याआधी एक नजर टाकायची. खळगा रिकामा दिसला म्हणजे ती वस्तू अजून कुठल्या तरी ओट्यावर पडलेली आहे. नजरेने होणारी ही मोजणी मला सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते. नव्या पोरालाही ती पहिल्या दिवशी जमते, त्याला वस्तूंची नावं पाठ असावी लागत नाहीत.

फोम कुठला घ्यायचा? गादीचा किंवा सोफ्याचा अजिबात नको. त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, तो पाणी आणि दमट हवा शोषून धरतो आणि मशीन त्या ओल्या कुशीत महिनोन्‌महिने पडून राहतं. पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे जो पांढरा किंवा काळा ईपीई फोम मिळतो, त्याची छिद्रं बंद असतात, पाणी आत शिरत नाही. व्यायामाच्या चटईचा ईव्हीएसुद्धा चालतो, तो जास्त टणक आणि टिकाऊ असतो. २५ मिलिमीटर जाडीच्या दोन-तीन थरांत काम होतं. सर्वांत खालचा थर न कापता अखंड ठेवायचा.

कापण्याआधी सगळ्या वस्तू फोमवर मांडा आणि एक दिवस तशाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोन तरी जागा बदलाव्याशा वाटतात. मग पेन्सिलने आकार काढा, कटरला नवं पातं लावा आणि पातं सरळ उभं धरून एका ओढीत कापा. करवतीसारखं मागे-पुढे केलं की कडा फाटतात. प्रत्येक खळग्याला दोन बोटं जातील एवढी खोबण बाजूला काढा. ही खोबण पहिल्या पेटीत माझ्याकडून राहिली होती आणि बिट काढायला दरवेळी स्क्रू ड्रायव्हरने उचकटावं लागायचं.

फोमचा तोटाही सांगितला पाहिजे. तो जागा खातो, आणि मशीन बदललं की परत कापावा लागतो. सारख्या बदलणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे स्क्रू, प्लग, चॅनेलचे सुटे भाग यांच्यासाठी, ४ मिलिमीटर प्लायच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे कप्पे बरे. पट्ट्यांना अर्ध्या उंचीची खाच मारून एकमेकींत बसवायच्या, गोंदही लागत नाही.

अख्खी पेटीच प्लायची केली तर, असं सुताराच्या मनात येणारच. करता येते. घेर ३९६ बाय २९६ ठेवला तर ती बाकीच्या पेट्यांच्या रांगेत शोभते. पण १२ मिलिमीटर प्लायमध्ये १५७ उंचीची पेटी केली तर रिकामी असतानाच तिचं वजन साडेतीन किलोच्या आसपास जातं, प्लास्टिकच्या दुपटीहून जास्त. वर्कशॉपमध्ये भिंतीला लावायच्या खणांसाठी प्लाय उत्तम. जिने चढायच्या पेटीसाठी मी प्लास्टिकचाच खर्च करेन.

बॅटरी

पेटीतली सर्वांत समजून घेण्यासारखी वस्तू हीच आहे. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयनचे लहान सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाच सेल जोडले की १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे एकूण २१. म्हणून अमेरिकेत तीच बॅटरी '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकली जाते आणि आपल्या बाजारात स्वस्त मशीनवर '२१ व्होल्ट' लिहिलेलं दिसतं. आकडा मोठा म्हणून ताकद जास्त, असं त्यातून ठरत नाही. आणि आकडा सारखा म्हणून एकाची बॅटरी दुसऱ्याला बसेल असंही नाही, कारण खाच आणि संपर्काच्या पट्ट्या प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. ज्या कंपनीची बॅटरी पहिली घेतली, पुढची मशीनं शक्यतो त्याच बॅटरीवर चालणारी घ्या. एका बॅटरीवर पाच मशीनं चालली की चार्जर एक पुरतो आणि आपोआपच पेट्यांतली गर्दी कमी होते.

व्होल्टला अँपिअर-तासाने गुणलं की साठलेली ऊर्जा वॅट-तासात मिळते. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-तास. एवढी ऊर्जा मुठीएवढ्या वस्तूत आहे, आणि हे सेल एका क्षणात प्रचंड प्रवाह देऊ शकतात. ड्रिलला झटका मिळतो तो त्यामुळेच. मात्र बॅटरीच्या दोन पट्ट्यांमध्ये खिळा, तारेचा तुकडा किंवा लोखंडाचा कीस अडकला तर तोच प्रवाह त्या तुकड्यातून धावतो. तुकडा लाल होतो, फोम वितळतो, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बॅटरीचे संपर्क आत खोबणीत असतात खरे, पण बारीक वस्तू तिथे पोचते. म्हणून सुटी बॅटरी स्क्रूच्या कप्प्यात कधीच टाकायची नाही. तिच्यासोबत आलेलं प्लास्टिकचं टोपण फेकून देऊ नका. हरवलं असेल तर संपर्काच्या तोंडावर बसणारा फोमचा खळगा करा.

ग्राइंडर वेगळा ठेवायचा तो याचसाठी. लोखंड कापल्यावर त्याच्या अंगाला, हातमोज्यांना, पेटीच्या तळाला धातूचा कीस लागलेला असतो. त्या पेटीत मी एके काळी बॅटऱ्या ठेवत होतो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मशीनला बॅटरी लावलेली ठेवून पेटी बंद करू नये. फोमचा दाब किंवा शेजारची वस्तू घोड्यावर, म्हणजे मशीन चालू करायच्या बटणावर, आली तर बंद पेटीत मशीन फिरत राहतं. ड्रिल आणि इम्पॅक्टला सुलट-उलट फिरवण्याचा जो खटका असतो, तो मधोमध ठेवला की घोडा दाबलाच जात नाही. बॅटरी काढली असली तरी हा खटका मध्ये ठेवूनच मशीन आत ठेवायची सवय लावा.

उन्हाचंही बघावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत आतला भाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. त्या तापात लिथियमचे सेल लवकर म्हातारे होतात. गरम बॅटरी चार्जरला लावली तर चांगला चार्जर ती घेत नाही, दिवा लुकलुकवत थांबून राहतो. तो बिघाड नसतो, त्याला बॅटरी गार व्हायला हवी असते. दुपारी गाडीत काही ठेवायचंच असेल तर मशीन ठेवा, बॅटऱ्यांची पेटी बरोबर सावलीत न्या. चार्जिंगही पेटी बंद करून करू नका, चार्जरला मोकळी हवा लागते.

गणपतीला आमच्याकडची बरीच मंडळी गावी जातात, दोन आठवडे काम बंद. अशा सुट्टीआधी बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नयेत आणि पार रिकाम्याही ठेवू नयेत. निम्म्यावर, म्हणजे चारपैकी दोन दिवे दिसतील एवढ्यावर, गार कोरड्या जागी ठेवाव्यात. पूर्ण भरलेल्या सेलवर ताण राहतो, पार रिकामा सेल पडून पडून इतका खाली जातो की चार्जर त्याला ओळखत नाही. पडलेली, फुगलेली, ओली झालेली बॅटरी पेटीत परत ठेवायची नाही, थेट ई-कचऱ्यात द्यायची.

कोणाला बाहेरगावी विमानाने कामाला जायचं असेल तर: १०० वॅट-तासांपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या केबिनच्या सामानात न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. मशीनं मात्र चेक-इनमध्ये. पाच अँपिअर-तासाची बॅटरी ९० वर बसते, सहाची १०८ होते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या आणि प्रत्येक बॅटरीला टोपण लावा.

पाऊस आणि गंज

काही पेट्यांवर आयपी ६५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत जातच नाही, पाच म्हणजे चहूबाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी आत पाणी शिरत नाही. पॅकआउटच्या मोठ्या पेट्या आणि टफसिस्टीम या दर्जाच्या आहेत. टीस्टॅकवर आयपी ५४ असतं, म्हणजे थोडी धूळ जाऊ शकते, शिंतोडे चालतात. उघड्या टेम्पोत फिरणाऱ्याला रबरी गॅस्केटची पेटी हवीच.

पण घट्ट पेटीत बाहेरचं पाणी जसं येत नाही, तसं आतलं बाहेरही जात नाही. जुलैत ओल्या हाताने मशीन ठेवलं, झाकण लावलं आणि रविवारभर पेटी तशीच राहिली, तर सोमवारी ड्रिलच्या चकवर (बिट पकडणाऱ्या तोंडावर) आणि बिटांवर तांबूस थर दिसतो. कोकणात काम करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. मशीन कोरड्या फडक्याने पुसून, चकला आणि पात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात लावून मगच झाकण लावायचं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी प्रत्येक पेटीत एक असू द्या, पण ती भरते आणि मग निरुपयोगी होते, हे विसरू नका. घरी आल्यावर पेट्यांची झाकणं रात्रभर उघडी ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

रचायचं कसं

जड खाली, हलकं वर, हे कोणीही सांगेल. अडचण तेव्हा येते जेव्हा जड पेटीच सारखी लागते. माझ्याकडे सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) जड आहे, पण तो दिवसात एकदा-दोनदा लागतो, म्हणून तळाला शोभतो. रोटरी हॅमर त्याच्यावर. बिजागरीची पेटी सर्वांत वर, कारण ती दिवसभर उघडी असते. स्क्रूंसाठी मी खणांची पेटी घेतली, जिचं तोंड वर न उघडता पुढून ड्रॉवर बाहेर येतो. ती रांगेत कुठेही चालते, वरचं काही उतरवावं लागत नाही. एकच काळजी घ्यायची: भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की रांग पुढे झुकते. म्हणून तिच्या वर दोनच हलक्या पेट्या आणि तिच्या खाली जड सॉ.

उंची किती? पेटीची अरुंद बाजू जेवढी, त्याच्या तिपटीपेक्षा उंच रांग मी करत नाही. २९६ ची तिप्पट म्हणजे ८८८ मिलिमीटर, कमरेच्या जरा खाली. रेती किंवा सुट्या फरश्यांवर त्याच्याही निम्मीच. टेम्पोत कडी लागलेली रांगही पट्ट्याने बांधतो. कडी पेट्यांना एकमेकींशी बांधते, गाडीशी बांधत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळ्या पेट्या एकदम घेऊ नयेत. आधी एक घ्या, सर्वांत जास्त होणाऱ्या कामाची. महिनाभर वापरा. तिच्यात काय कमी पडतं, काय कधीच हाताला लागत नाही, ते दिसेल. मग दुसरी.

शेवटी लेबल. झाकणावर लिहिलेलं नाव दुसरी पेटी वर बसली की झाकलं जातं, आणि टेम्पोत पेट्यांची अरुंद बाजू दाराकडे असते. म्हणून नाव पुढच्या बाजूला आणि अरुंद बाजूला, दोन्हीकडे लिहायचं, कामाचं नाव मोठ्या अक्षरात आणि मुख्य मशीनचं त्याखाली. कागदाचं लेबल पावसाळ्यात निघून येतं. मी मास्किंग टेपवर जाड मार्करने लिहितो आणि वरून पारदर्शक टेपची पट्टी ओढतो. पेटीचं काम बदललं तर नखाने निघते.